जिभाऊंचा हुकूम

जिभाऊ कधी कुणाला काम सांगत नसत. उकडायला लागलं तर 'पंखा लावा' असं त्यांच्या तोंडून यायचं नाही. 'आज हवाच बंद शे' एवढं म्हणायचे आणि मान खाली घालून आपल्या कामाला लागायचे. ज्याला वाटेल त्यानं उठावं, पंखा लावावा. कुणी उठलं नाही तर घाम पुसत बसायचे, पण दुसऱ्यांदा बोलायचे नाहीत. चहाचंही तेच. 'चार वाजनात' अशी बातमी ते खोलीला देत. एकदा ती ऐकून तिघं जण तीन जिन्यांनी उतरावेत तसे वेगवेगळे गेले आणि तीन थर्मास घेऊन आले. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वाटलं की दुसरा गेला असेल. त्या दिवशी चहा मिळाला नाही.

नंदुरबारला बियाण्यांच्या एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. हिवाळ्यात पथारींवर, म्हणजे गावाबाहेरच्या वाळवणाच्या मैदानांवर, मिरची वाळायला पडली की वाऱ्याबरोबर तिचा खकाणा आत यायचा आणि महत्त्वाच्या बैठकीत सगळे शिंकत बसायचे. जिभाऊ मूळचे रनाळ्याचे, शेतकरी घरातले. बरीच वर्षं पुण्यात मोठमोठ्या प्रणाली आखून ते परत आले होते. त्यांच्या धाकट्या भावंडांनी सुरू केलेलं जिभाऊ हे नाव आम्हीही उचललं होतं. मी नवापूरच्या डोंगराकडची. घरी आम्ही आमची कोकणी बोलतो, गोव्याची नव्हे, कोकणा आदिवासींची, देवळाऐवजी चर्चला जातो, आणि मराठी मी शाळेत शिकले. जिभाऊंची अहिराणी आणि माझी कोकणी यांच्या मध्ये ऑफिसची मराठी होती. घाईत असले की ते मराठीतून सरळ अहिराणीत उतरायचे आणि मला बेटा म्हणायचे.

आमचं काम ज्याला सर्व्हरलेस म्हणतात त्या पद्धतीचं. म्हणजे आपलं स्वतःचं यंत्र सतत चालू ठेवून सांभाळायचं नाही. छोटे छोटे प्रोग्राम, त्यांना फंक्शन म्हणायचं, दूर कुठेतरी भाड्याच्या यंत्रावर झोपून असतात. हाक आली की त्यातलं एखादं जागं होतं, नेमून दिलेलं काम करतं आणि पुन्हा झोपतं. सगळी आखणी म्हणजे कोणी कोणाला कशी हाक मारायची, याचीच. मी रुजू झाले त्या आठवड्यात एक फंक्शन लिहून त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "हाई हुकूम शे का खबर शे?"

मला कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. हुकूम एकालाच असतो. त्याचं नाव घेऊन सांगायचं, हे कर, आणि तो हो म्हणतो का नाही म्हणतो याची वाट पाहायची. खबर कुणा एकाची नसते. अमुक झालं, एवढं सांगून आपण मोकळे. कोण ऐकतंय, ऐकून काय करतंय, हे आपल्याला ठाऊकही नसतं. "हुकूम आज्ञार्थात लिहायचा, खबर भूतकाळात," ते म्हणाले. "'पावती पाठव' हा हुकूम. 'पैसे जमा झाले' ही खबर. घडून गेलेल्या गोष्टीला कोणी नाही म्हणू शकत नाही." मला शाळेतला व्याकरणाचा तास आठवला आणि हसू आलं. तेही हसले. पण त्या दिवसापासून फंक्शनला नाव देताना माझा हात अडखळायला लागला.

त्यांचा ओढा मात्र खबरीकडेच असे. शक्य तिथे ते हुकूम काढून टाकत. त्यांच्या प्रणालीत कुणी कुणाला काही सांगायचं नाही. घडलेलं जाहीर व्हायचं आणि ज्याचं जे काम ते तो आपणहून करायचा. देखणं काम होतं ते. एखादा भाग नवा जोडायचा झाला तर जुन्या कशालाही हात लावावा लागत नसे. या आवडीचं मूळ कुठे आहे, ते त्यांनी एकदाच बोलून दाखवलं. त्यांचे वडील, बापू, घरात फक्त आज्ञा करत. पाणी. टोपी. बैल सोड. "मन्ही माय कधी एका बैठकीला जेवली नाही," जिभाऊ म्हणाले. "घास हातात असायचा आणि बाहेरून आवाज यायचा. ती उठायची. मी लहानपणीच ठरवलं होतं, आपल्यामुळे कोणी ताटावरून उठायचं नाही."

वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नींना, या ठरावाचं फारसं कौतुक नव्हतं. त्या शाळेत विज्ञान शिकवत आणि स्पष्ट बोलत. "लग्न झाल्यापासून यांनी माझ्याकडे पाणी मागितलेलं नाही," त्या मला सांगायच्या. "तहान लागनी, असं म्हणतात आणि भिंतीकडे बघतात. मी पण म्हणते, मंग ल्या ना उठीसन!" जिभाऊ निमूट उठून पाणी घ्यायचे आणि वहिनींसाठीही एक पेला भरून आणायचे.

त्या सुमाराला एका संस्थेचं काम आमच्याकडे आलं. नवापूर तालुक्यातल्या डोंगरपाड्यांवरून बाळंतिणींना दवाखान्यात पोचवायला संस्थेनं काही गाड्या ठेवल्या होत्या. कोणाला कधी न्यायचं, हे सारं फोनाफोनीवर चाले. आता ते आमच्या प्रणालीनं व्हायचं होतं. जिभाऊंनी त्यात जीव ओतला. पाड्यावरच्या आशाताईनं फोनवरचं बटण दाबलं की एक खबर सुटायची, 'कळा सुरू झाल्या'. ती ऐकून एक फंक्शन आरोग्य केंद्राला कळवी, दुसरं नोंद करी, तिसरं सगळ्या गाडीवाल्यांच्या फोनवर पाड्याचं नाव आणि रस्ता पाठवी. जो जवळ असेल त्यानं निघावं. कुणाला हुकूम नाही, कुणाच्या मागे धोशा नाही. गाडीवाले खूश होते. काही महिने सगळं उत्तम चाललं. पहिल्यांदा एका बाईला वेळेत पोचवल्याचं कळलं तेव्हा जिभाऊ खिडकीशी जाऊन बराच वेळ उभे राहिले. मिरचीमुळे डोळ्यांत पाणी आलं, असं म्हणाले. तो मिरचीचा हंगाम नव्हता.

मग ती दुपार आली. विसरवाडीचा बाजार होता. वरच्या एका पाड्यावर सुमन नावाच्या मुलीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. आशाताईनं बटण दाबलं. खबर सुटली, सगळीकडे पोचली. आरोग्य केंद्रात नर्सनं खाट तयार करून ठेवली. विसरवाडीच्या थांब्यावर रमेशभाऊ नावाच्या गाडीवाल्यानं फोन पाहिला आणि त्याला वाटलं, खांडबाऱ्याची गाडी जास्त जवळ आहे, ती निघाली असेल. खांडबाऱ्याच्या गाडीवाल्याला वाटलं, रमेशभाऊ तर हायवेवरच असतो. बाकीचे लांब होते किंवा रेंजच्या बाहेर. सुमनचा नवरा आणि सासू पाड्याखालच्या रस्त्यावर वाट पाहत उभे राहिले. शेवटी त्यांनी तिला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवलं. हायवेला लागायच्या आधीच, रस्त्याकडेच्या सागाखाली ती बाळंत झाली. झालेली मुलगी जगली. सुमनचं रक्त थांबेना. एका ट्रकवाल्यानं त्यांना केंद्रापर्यंत आणलं आणि तिथून तिला नंदुरबारला मोठ्या दवाखान्यात हलवलं. कितीतरी दिवस ती शुद्धीत येई आणि जाई.

आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. जिभाऊंनी कालच्या नोंदी पडद्यावर लावल्या. प्रत्येक फंक्शन वेळेवर जागं झालं होतं. प्रत्येकानं आपलं काम पुरं केलं होतं. प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण. वरपासून खालपर्यंत ते पुन्हा पुन्हा पाहत राहिले. "कुठंच काही बिघडलं नाही," मी म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले.

"तेच ना," ते म्हणाले.

संस्थेत बैठक झाली. संस्थेच्या सचिवांना बाहेर उत्तर द्यायचं होतं आणि त्यांच्याकडे ते तयार होतं. रमेशभाऊनं संदेश पाहिला होता, फोनवर तशी खूण होती, आणि तो चहा पीत बसला होता. त्याला कामावरून काढायचं. रमेशभाऊ दाराजवळच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. आमच्या कंपनीला हे उत्तर सोयीचं होतं. आमच्यावर काहीच येत नव्हतं. जिभाऊ उठून उभे राहिले.

"याला काढू नका," ते म्हणाले.

मी दचकले. त्यांच्या तोंडून आज्ञार्थ मी पहिल्यांदा ऐकत होते.

सचिव म्हणाले, "पण साहेब, त्याला माहीत होतं!"

"माहीत सगळ्यांना होतं. जा, असं मात्र कोणाला कोणी सांगितलं नव्हतं. मी तशी सोयच ठेवली नव्हती. ही आखणी माझी. लिहून घ्या. काढायचं तर आमचं काम काढा."

बैठक वाईट रीतीनं संपली. काम आमच्याकडून काढून घ्यायचं की दुरुस्तीची संधी द्यायची, हे ठरायला काही दिवस गेले. रमेशभाऊ मात्र कामावर राहिला. बाहेर पडल्यावर तो जिभाऊंच्या पाया पडायला वाकला तर जिभाऊ मागे सरले आणि म्हणाले, "चल, माले दवाखानामा ली चाल." ते ऐकून मी पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

दवाखान्यात सुमन झोपली होती. बाहेर बाकावर तिचा नवरा मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. त्याला मराठी समजायची, पण बोलायला नको वाटत होतं. तो माझ्याशी आमच्या बोलीत बोलला. मी दोघांमधली दुभाषी झाले. जिभाऊंनी आपण कोण ते सांगितलं आणि म्हणाले, "त्यांना सांग, गाडी आली नाही ही चूक माझी आहे."

मी आमच्या बोलीत सांगितलं, आमची चूक झाली. शब्द जवळचा असल्यामुळे जिभाऊंनी तो पकडला. "आमची नही बेटा. मन्ही. तसं सांग."

मी तसं सांगितलं. त्या माणसानं जिभाऊंकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग त्यानं मला हळू आवाजात विचारलं, आशाताई म्हणाली सगळ्यांना कळवलंय, मग कोण येणार होतं? कोणाची वाट बघायची होती आम्ही? मी त्याचं मराठी करून सांगितलं. जिभाऊ बाकावर त्याच्या शेजारी बसले. मुलगी रडायला लागली तेव्हा त्यांनी हात पुढे केले आणि त्यानं ती त्यांच्याकडे दिली. सुमन उठून बसेपर्यंत जिभाऊ ऑफिसला यायच्या आधी रोज तिथे जात होते. वहिनी बरोबर डबा देत. ती बरी होऊन पाड्यावर परत गेली, त्या दिवशी गाडी रमेशभाऊनं चालवली.

नंतर जिभाऊंनी आखणी मोडून पुन्हा केली. 'कळा सुरू झाल्या' ही खबर तशीच राहिली, कारण केंद्राला आणि नोंदीला तेवढं पुरत होतं. पण गाडीसाठी आता हुकूम होता, 'गाडी ने'. तो एकाच गाडीवाल्याला जाई, नावानिशी. फंक्शन त्याच्या उत्तराची वाट पाही. 'नाही' असं उत्तर आलं, किंवा थोड्या वेळात काहीच आलं नाही, की हुकूम पुढच्याला. कोणीच नाही, तर आमच्यापैकी एका जिवंत माणसाचा फोन वाजे. ते लिहिताना जिभाऊ कधी नव्हे इतके चिडचिडे झाले होते. "माझ्याच हातानं घरात बापू आणून बसवतोय मी," असं एकदा म्हणाले.

विसरवाडीला गाडीवाल्यांची बैठक घेतली. एका धाब्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळे खाटांवर बसले. जिभाऊंनी नवी रीत सांगितली. मग रमेशभाऊ म्हणाला, "साहेब, नाही असं बटण ठेवलंय तुम्ही. पण ते दाबलं की आमच्या नावापुढे लाल खूण पडणार ना? मग दाबणार कोण? टायर बसलं असलं तरी हो म्हणू आणि वाटेत अडकू."

जिभाऊ त्याच्याकडे पाहतच राहिले. परत येताना गाडीत म्हणाले, "बेटा, मी आजवर चुकीच्या गोष्टीवर रागावत होतो. बापू सांगायचे, यात काही वावगं नव्हतं. घरात माणसं आहेत, एकमेकांना सांगणारच. पण आईला नाही म्हणायची सोय नव्हती." मग संस्थेशी भांडून त्यांनी एक गोष्ट कबूल करून घेतली. 'नाही' म्हटल्याबद्दल कुणाची झाडाझडती व्हायची नाही, त्याची मोजदाद ठेवायची नाही. सचिवांना ते पटलं नव्हतं. पण थोड्याच दिवसांत गाडीवाले निर्धास्तपणे नाही म्हणू लागले आणि गाड्या आधीपेक्षा लवकर पोचू लागल्या. ते पाहून सचिव गप्प झाले.

त्या हिवाळ्यात मी रनाळ्याला त्यांच्या घरी जेवायला गेले होते. वांग्याचं भरीत होतं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बापू ओट्यावर बसले होते. उंच, अजून ताठ. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. जिभाऊ कित्येक वर्षं त्यांना खबर देत आले होते. धुळ्याला डोळ्यांचं ऑपरेशन चांगलं होतं म्हणे. अमक्याच्या वडिलांना आता पेपर वाचता येतो म्हणे. बापू ऐकून न ऐकल्यासारखं करत. त्या दिवशी जेवण झाल्यावर जिभाऊ त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"बापू, मंगळवारे मन्हासंगे धुळे चाला. डोळा दखाडाले."

वहिनींच्या हातातलं ताट तसंच राहिलं. या घरात बापूंना कोणी असं सांगितलेलं नव्हतं.

"मी नही येस," बापू म्हणाले.

"बरं," जिभाऊ म्हणाले. "काबरं?"

बापू हातातल्या काठीवर बोटं फिरवत म्हणाले, "भ्या वाटस माले."

जिभाऊंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या मंगळवारी ते गेले नाहीत. पुढच्या महिन्यात बापूंनी स्वतःच गाडी काढायला सांगितली. वहिनींनी मला नंतर सांगितलं की वाटभर म्हाताऱ्यानं मुलाचा हात सोडला नव्हता.

बापूंना दिसायला लागलं आणि वर्षभरात जिभाऊंचं दुखणं निघालं. पोटात काहीतरी वाढत होतं, उशिरा कळलं. सुरतेच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. मी स्टेशनवर सोडायला गेले. अंगात स्वेटर, खांद्याला वहिनींची पिशवी. गाडीला अवकाश होता. बाकावर बसल्यावर ते सरळ विषयावर आले. संस्थेला आता सातपुड्यात, धडगावकडे, गाड्या सुरू करायच्या होत्या. तिथे रेंज नाही, रस्ते तसे नाहीत, भाषा पावरी.

"बेटा, धडगावचं काम तू घे," ते म्हणाले. "पूर्ण. आखणी, माणसं, सगळं."

"जिभाऊ, मला जमेल असं वाटत नाही."

"मग नाही म्हण. मी दुसऱ्याला विचारीन." ते अगदी शांतपणे म्हणाले. "पण आधी तुला विचारतोय."

मी विचार करते म्हणाले. गाडी आली. खिडकीतून त्यांनी हात हलवला, तेव्हाही मी उत्तर दिलं नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी मी वहिनींना फोन केला. ते तपासण्यांसाठी आत होते. मी म्हणाले, त्यांना सांगा, हो. दुपारी वहिनींचा फोन आला. "सांगितलं बरं का. ऐकून हसले. म्हणाले, आता तिच्या डोक्यावर बसू नका कोणी." ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात जिभाऊ गेले.

धडगावला आता आमच्या गाड्या चालतात. रेंज नसलेल्या पाड्यांसाठी काय करायचं, हे शोधताना मी कितीदा तरी रडकुंडीला आले. मागच्या पावसाळ्यात तिथे एक नवी गाडीवाली रुजू झाली, जमुना. जीप उत्तम चालवते. तिसऱ्याच दिवशी तिच्या फोनवर हुकूम गेला आणि तिनं नाही म्हटलं. पुढची गाडी गेली, बाई सुखरूप पोचली. मी त्या दिवशी धडगावातच होते. संध्याकाळी जमुना आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. चिखलानं भरलेल्या चपला तिनं हातात धरल्या होत्या.

"मॅडम, मी नाही म्हटलं," ती म्हणाली. "पोरगा तापानं फणफणला होता. त्याला सोडून जाता येईना."

"ये, आत ये," मी म्हणाले. "उतरला का ताप?"

तिनं होकारार्थी मान हलवली. चपला खाली ठेवल्या आणि आत येऊन खुर्चीवर बसली.